शेजाऱ्याच्या मांडीवरची वेलांटी

x@Qx@Q x;v

हा पाळणा आहे असं सांगितलं, तर कुणाला खरं वाटेल? मिहिकालाही वाटलं नव्हतं. पण आजोबांनी स्वतः टाइप केलेल्या चार ओळींची सुरुवात पडद्यावर अशी दिसत होती, आणि पुढचं तर याहून भयंकर होतं.

साल होतं २०४१. अकरा वर्षांच्या मिहिकाला नुकताच भाऊ झाला होता आणि रविवारी त्याचं बारसं होतं. तिचे कराडचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, छापखान्यात अक्षरजुळणी करायचे. मिहिकाच्या बारशाला पाळणा रचला होता तो त्यांनीच. आता आजोबा नव्हते. त्यांचा जुना संगणक मोडीत गेला होता. मामानं त्यातली ही एक फाइल तेवढी जपून पाठवली होती. बाळासाठी हाच पाळणा म्हणायचा, हे मिहिकानं तो जन्मला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

तिच्या बारशाचा व्हिडिओ होता. त्यात "हळूहळू हाल रे पाळण्या, नको करू घाई" एवढी ओळ ऐकू यायची, आणि मग बायकांचा असा काही गलका उठायचा की पुढचं सगळं त्यात बुडून जायचं.

"मला तरी कुठलं आठवायला," आई बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली. "त्या दिवशी झोपेशिवाय काही सुचत नव्हतं गं. दोनच ओळी होत्या, एवढं नक्की."

पण फाइलमध्ये तर चार होत्या.

"मी वाचून दाखवतो," बंब्या म्हणाला. बंब्या हा त्यांच्या घरचा यंत्रमानव, पाणी तापवायच्या बंबासारखा गोल. त्यानं क्षणभर पडद्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात सुरू केलं, "झोप रे राजा, रात्र झाली फार, चांदण्यांनी लावलं आभाळाचं दार..."

"छान आहे की," बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले. "हाच म्हणा. कुणाला कळणार आहे?"

मिहिका पडद्याजवळ सरकली. "बंब्या, यातल्या पहिल्या शब्दात तीन खुणा आहेत, आणि त्याच तीन लगेच परत आल्यात. तुझ्या 'झोप'मध्ये काय परत आलंय?"

बंब्याचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. "काही नाही. मला वाचता आलं नाही, म्हणून मी अंदाजानं रचलं."

"रचलंस छान. पण ते आजोबांचं नाही."

शनिवारी सकाळी आत्या आली. बाळाचं नाव ठेवायचा मान तिचा. ती पुण्याला जुन्या संगणकांच्या संग्रहालयात काम करायची आणि कुठंही निघाली की आपला म्हातारा लॅपटॉप बरोबर घ्यायची. त्याच्या पडद्यावर छोट्या छोट्या चित्रांची रांग होती.

"आता तुम्ही घराला नुसतं सांगता आणि काम होतं," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी एकेका कामाला एकेक अ‍ॅप्लिकेशन (ठरावीक काम करून देणारी आज्ञावली) असायचं. हे आकडेमोडीचं, हे चित्रांचं, हे गाणी ऐकायचं. आणि ही मजकूर लिहायची वही माझी सगळ्यात लाडकी."

"ही तर नुसती कोरी आहे."

"म्हणूनच लाडकी. ना रंग, ना नक्षी. जे आहे तेच दाखवते, पदरचं काही घालत नाही."

बंब्या उगीचच भिंतीकडे वळला.

आत्यानं फाइल वहीत उघडली. तीच भुताटकी. "आता ऐक. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. तुझा हजेरीचा नंबर किती?"

"चौदा."

"बाई चौदा म्हणाल्या की तू 'हजर' म्हणतेस. शेजारच्या वर्गात जाऊन चौदा म्हटलं तर?"

"ओंकार पिसाळ उभा राहील. तो कायम उशिराच उठतो."

"झालं तर. आजोबांच्या फाइलमधले आकडे शाबूत आहेत. कुठल्या आकड्याला कुठली आकृती दाखवायची, ते फॉन्ट (अक्षरांच्या आकृत्यांचा साचा) ठरवतो. म्हणजे फॉन्ट हा त्या वर्गाचा हजेरीपट. आजोबांच्या छापखान्यानं तो स्वतःपुरता बनवून घेतला होता, आणि तो संगणकाबरोबर गेला. आता माझी वही त्याच आकड्यांना दुसऱ्या वर्गाची पोरं उभी करतेय."

"मग सगळ्या जगाचा एकच हजेरीपट का नाही करत?"

"केलाय की, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी. त्याला युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा क्रमांक देणारी पद्धत) म्हणतात. पण तुझे आजोबा हट्टी. म्हणायचे, माझ्या फॉन्टमधला 'ळ' जास्त देखणा आहे."

मिहिकानं कागद ओढला. "मग हरवलेला हजेरीपट आपण नव्यानं करू."

"वाट लागेल दिवसाची."

"लागू दे."

सुरुवात सोपी निघाली. x@Qx@Q म्हणजे हळूहळू. म्हणजे x हा ह, @ हा ळ आणि Q हा दीर्घ उकार. मग पुढचं x;v म्हणजे 'हाल' असणार, म्हणजे ; हा काना आणि v हा ल. वहीत 'शोधा आणि बदला' अशी एक सोय होती. मिहिकानं x च्या जागी ह घालायला सांगितलं, आणि एका फटक्यात पानावरचे सगळे x जाऊन ह आले. ती बघतच राहिली.

पहिली ओळ अशी पुरती सुटली. तळाला आजोबांची सही असणार म्हणून तिनं 'आजोबा, कराड' लावून पाहिलं, तेही जमलं. उरलेल्या खुणा शब्दकोड्यासारख्या हाती लागत गेल्या. कधी चुकायचं, मग मागं यायचं आणि खोडून पुन्हा मांडायचं. आत्या बाळाला घेऊन लवंडली, बंब्यानं तीनदा जेवायला बोलावलं. दुपारी तीनला चौथ्या ओळीतला एकच शब्द अडून बसला.

ताई {&{हका

या दोन खुणा दुसरीकडे कुठंच नव्हत्या. "काय असेल रे बंब्या?"

"अंदाज करू?"

"नको."

कुठली ताई? मिहिका विचार करून थकली. वैतागून तिनं कागदाच्या कोपऱ्यात, शाळेच्या वहीवर लिहितो तसं आपलं नाव लिहिलं, आणि हात थांबला. म बोलताना आधी येतो, पण कागदावर त्याच्याआधी वेलांटी उभी असते. वेलांटी, म. पुन्हा वेलांटी, ह. मग का.

ताई मिहिका.

तिनं { च्या जागी वेलांटी घातली आणि & च्या जागी म. पडद्यावर आलं: िमिहका.

"ताई मिहका," बंब्यानं मन लावून वाचलं.

हसत हसत आत्या उठून बसली. "आजोबा टंकलेखन यंत्रावर शिकलेले. डोळ्याला आधी दिसते म्हणून ते वेलांटी आधी टाइप करायचे. युनिकोड आपण बोलतो तसं ठेवतो: आधी अक्षर, मग वेलांटी. त्यामुळे प्रत्येक वेलांटी शेजाऱ्याच्या मांडीवर जाऊन बसली."

"आणि पहिलीला शेजारीच नाही." मिहिकानं दोन्ही वेलांट्या उचलून आपापल्या अक्षरामागे ठेवल्या. मग तिनं चारही ओळी मोठ्यानं वाचल्या.

हळूहळू हाल रे पाळण्या, नको करू घाई,
अक्षराशी अक्षर जुळलं, शब्द झाला आई.
हळूहळू हाल रे पाळण्या, झोका देतं कोण?
ताई मिहिका, बाळ ......, अक्षरं ही दोन.

आई दारात येऊन उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. "पुढच्या दोन ओळी बाबांनी मागाहून जोडल्यात, आणि जागा सोडून ठेवलीय," ती म्हणाली. "तेव्हा तर कुणाच्या मनातही नव्हतं दुसरं बाळ."

"अक्षरं जुळवणाऱ्या माणसाला रिकामी जागा बरोबर कळते, वहिनी," आत्या म्हणाली.

मिहिका त्या टिंबांकडे बघत होती. "आत्या, नाव हवंय."

"ते उद्या. आधी बाळाच्या कानात सांगायचं असतं."

"त्याशिवाय पाळणा पुरा कसा होणार?"

आत्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. मग आत्यानं आधी बाळाच्या कानाशी तोंड नेलं, नंतर मिहिकाच्या, आणि दोन्हीकडे तेच कुजबुजली. मिहिकानं टिंबं पुसली आणि एकेक कळ नीट बघून दाबली: आधी न, मग वेलांटी. आधी म, मग वेलांटी. मग ष.

"बाळ निमिष," बंब्यानं बिनचूक वाचलं.

रविवारी पाळणा सुरू झाला, आणि दुसऱ्याच ओळीला बायकांचा गलका उठला, तो काही केल्या थांबेना. मिहिकानं दोरी सोडली नाही. चारही ओळी आता कायमच्या क्रमांकांत होत्या. निमिषला वाचता येऊ लागेल तेव्हा यंत्रं कशी का असेनात, त्याचं नाव तिथं नीटच दिसणार होतं.