अशी मुलगी अस्तित्वात नाही

इजिप्तमधल्या आमच्या तांता शहरात पाऊस जानेवारीत येतो, आणि येतो तो न सांगता. त्या दिवशी लॅपटॉप छातीशी कवटाळून मी हाज मितवल्लींच्या दुकानाच्या छपराखाली धावले, तर तिथे आधीच एक उंच तरुण उभा. मोबाइलमध्ये बघून एकटाच हसत होता.

"ऐका हाज, ऐका! 'मेथीचे एकवीस फायदे. फायदा एकोणिसावा — मनातली उदासी जाते.' काय थापा मारतात हे लोक!"

"पहिले अठरा खरे आहेत," मी म्हणाले. "साइटला एकवीस हवे होते."

तो गर्रकन वळला. त्याच्या भुवईवर पावसाचा एक थेंब अडकला होता...

"म्हणजे हे तुम्ही—?"

"मीच. शब्दांवर पैसे मिळतात मला. तुमच्या हसण्यावर नाही."

"अहो, मीसुद्धा तिथेच लिहितो! 'स्वप्नात उंट दिसला तर'... म्हणजे आपण एकाच घरचे!"

"घरचे?"

तो कानापर्यंत लाल झाला. हाज मितवल्लींनी न विचारताच लिंबू पिळलेल्या गरम हरभऱ्याचे दोन पेले पुढे केले.

त्याचं नाव मुआज. मी इब्तिसाम. दर गुरुवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर शेजारच्या जावियात, सुफींच्या छोट्या मठात, शेख बद्रान डफावर गात प्रवचन करतात. ते ऐकल्याशिवाय माझा आठवडा सरत नाही. आता प्रवचनानंतर छपराखालचा तो पेलाही चुकेना. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही.

"मला आता नावांचे लेख मिळायला लागलेत," एकदा तो म्हणाला. नावाचा अर्थ, त्या नावाच्या मुलीचे गुण, शुभ अंक — आमच्या साइटवर सगळ्यात जास्त तेच चालतं. "तुझं नाव मागितलं, तर म्हणे आधीच लिहिलंय कुणीतरी. एक नाव दोनदा देत नाहीत. शुभ अंक सहा, आवडता रंग पिवळा..."

"मीच लिहिलंय ते."

"मग खोटं लिहिलंयस."

"आणि तू जे लिहिशील ते माझ्याकडेच येणार तपासायला. नावांचे सगळे लेख मीच तपासते. जपून!"

"माहितीये," तो हसला. त्या हसण्याकडे मी नीट बघायला हवं होतं.

लेखावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, नुसता क्रमांक. मुआजचा तीनशे सतरा. त्याच्या मोबाइलवर मी तो केव्हाच वाचून ठेवला होता. पुढच्या रविवारी तीनशे सतराचा लेख आला — 'रवान'.

पहिल्या दोन ओळी नेहमीच्या. आणि मग—

'रवान नावाची मुलगी हरभऱ्याच्या पेल्यात आधी लिंबू पिळते, मग मिरपूड. विचारात असली की तिची बोटं समोर असेल त्यावर डफाचा ठेका धरतात, आणि तिला ते ठाऊकही नसतं. रागावली की एकदम आदराने बोलू लागते. अशा वेळी तिच्याकडे बघत राहावं, इतकंच आपल्या हातात.'

आठ वर्षं झाली मला या कामात! शब्दामागे चार पैसे मिळतात तिथे असं कुणी मनातून काढून लिहीत नाही. ही मुलगी खरी होती. त्याच्यासमोर बसलेली होती. आणि तो तिला आमच्याच दुकानात नेत होता — आमच्याच बाकावर!

मी शेरा मारला : 'अतिशयोक्ती. अशी मुलगी अस्तित्वात नाही. नामंजूर.'

त्याने एक शब्द न बदलता परत पाठवला. मी परत फिरवला. तिसऱ्यांदा आला. तीनदा नामंजूर झालं की लिहिणाऱ्याचं खातं बंद होतं, हे मला ठाऊक होतं. तरी बोटाने कळ दाबली.

आणि त्या गुरुवारी शेख बद्रान गायले ते एका तोलणाऱ्याबद्दल. चांगला माणूस, पाचही वेळचा नमाजी. पण ज्याचा हेवा वाटे, त्याचा माल तोलताना तो तराजूवर करंगळी टेकवायचा. "एवढीशी करंगळी!" शेखनी डफ थांबवून सूर वर नेला, "पण तो जो वर बसलाय, त्याला करंगळीच दिसली!"

सगळे वाहवा म्हणत डोलत होते. मी माझा हात ओढणीखाली लपवला.

बाहेर छपराखाली मुआज होता. पेला तसाच, निवलेला.

"खातं बंद झालं," तो म्हणाला. "बहिणीची फी त्यातूनच जायची. बघू... काहीतरी करीन."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"आधी मला हे सांगा, उस्ताद मुआज. ही रवान कोण? तुम्ही तिला इथे कधी आणता? तुम्हाला काय वाटलं, मला कळणार नाही?"

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मीही खाली बघितलं.

लॅपटॉपच्या झाकणावर माझी बोटं ठेका धरत होती.

"रवान नावाच्या कुणालाही मी ओळखत नाही," तो हळूच म्हणाला. "तुझं नाव मिळेना, म्हणून पुढचं जे मिळालं ते... लोक शुभ अंक बघतात आणि निघून जातात, इब्तिसाम. शब्द न् शब्द वाचतो तो एकटा तपासणारा. म्हटलं, त्यालाच लिहावं. पण त्याचं उत्तर आलं, अशी मुलगीच नाही."

रडावं की हसावं मला कळेना. मी तिथेच बाकावर बसून संपादक शाहिनाजताईंना लिहिलं : 'तीनशे सतराची चूक नाही. तिन्ही वेळा मी मत्सरापोटी लेख परत केला. खातं उघडा. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा.' पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवलं.

"मत्सरापोटी?" त्याने विचारलं.

"मग काय मेथीपोटी?"

पेला संपायच्या आत उत्तर आलं. त्याचं खातं उघडलं. माझं तपासायचं काम गेलं. उद्यापासून पुन्हा मेथी, बडीशेप, उंट.

"म्हणजे आता माझे लेख दुसरंच कुणीतरी वाचणार," तो हिरमुसून म्हणाला.

"बघू या कोण वाचतंय ते!" मी ओढणी सारखी केली. "मी फुकट वाचीन. पण एक अट आहे. नाव माझंच हवं. आणि ते माझ्या बाबांसमोर मोठ्याने घ्यावं लागेल."

"कधी?"

"शुक्रवारी नमाजानंतर ते घरी असतात. रिकाम्या हाताने येऊ नकोस... उस्ताद मुआज."

"आता का रागावलीस?"

"नाही रे," मी म्हणाले. "तू बघत राहावंस, म्हणून."