न कापलेली सोळा पानं

शेतीची वीज रात्रीची, म्हणून सावद्याचे जीवराम नाना रात्री केळीला पाणी भरायचे आणि दुपारी ओट्यावर बसून बायकोला पुस्तक वाचून दाखवायचे. इंदिराबाईंना अक्षरओळख नाही, पण वाचनालयातली निम्मी कपाटं त्यांनी नुसत्या कानांनी संपवली होती. शेवटचं पुस्तक होतं एका कुंभारणीवरची कादंबरी. जुनी छपाई, पानं कडेला जोडलेलीच. गावात ते कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. नाना रोज वाचायची तेवढीच पानं चाकूनं कापायचे आणि खुणेला केळीच्या सोपटाचा, खोडाच्या सालीचा, वाळका दोरा ठेवायचे.

एकशे बाराव्या पानावर कुंभारणीचा नवरा मेला. दुसऱ्याच दिवशी नाना गेले.

दहावं झालं तरी इंदिराबाईंच्या पोटात दोन घोट चहापलीकडे काही जाईना. मुलगी दिपमाला जळगावला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये; नळीत दिसेल तेवढंच खरं मानणारी बाई. ती रागावली, मग तिनं हात जोडले. आईचं एकच. त्या कुंभारणीनं नवरा मेल्यावर काय केलं ते कळू दे, मग जेवते.

एवढंच ना, म्हणून दिपमालानं दुपारी पुढची आठ पानं कापली आणि वाचायला बसली. चार ओळी झाल्या नाहीत तोच आई म्हणाली, "हे झालं. पुढचं वाच."

"कधी झालं? पानं आत्ता कापली मी."

"काल दुपारी. तुहा डोळा लागला होता तवा."

आणि तिनं सांगूनही टाकलं, भट्टी विझते, दीर गाढव घेऊन जातो. दिपमालानं पानं चाळली. अगदी तसंच होतं. नानांनी हे आधी कुठंतरी वाचलं असेल, बोलता बोलता सांगितलं असेल, असं तिनं ठरवून टाकलं. मग आई शेवटासाठी उपाशी का राहिली, हा प्रश्न तिनं बाजूला सारला.

शेवटची सोळा पानं अजून जोडलेली होती. तिनं ती दोनदा मोजली. वाळका दोरा केरात टाकला, पुस्तक स्वतःच्या बॅगेत घातलं आणि नंबरचं कुलूप लावलं.

दुसऱ्या दुपारी ती मुद्दाम जागी राहिली. उंबऱ्याच्या आत, बॅग मांडीशी. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आई ओट्यावर खांबाला टेकलेली, मान नाना बसायचे त्या बाजूला कललेली. मधूनच ती हुं म्हणत होती.

एकदा तिनं पदर डोळ्यांना लावला.

तासाभरानं ती उठून आत आली.

"संपलं. ती आधी जेवली, मग रडली. वाढ मले."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची दीड भाकरी खाल्ली माउलीनं. मग भिंतीला टेकून पोटभर रडली, तोंड धुतलं आणि परत ओट्यावर जाऊन बसली. दिपमालाच्या मनावरचं ओझं उतरलं. आई आता जगणार होती.

मग तिनं कुलूप उघडलं.

पानं जोडलेलीच होती. तिनं चाकू घेतला. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ तीच होती. ती आधी जेवली, मग रडली.

त्या ओळीखाली सोपटाचा दोरा होता. हिरवा. ओला. तिच्या बोटांना चीक लागला.

तिनं साबणानं तीनदा हात धुतले. केळीचा डाग तो, जातो होय?

ओट्यावरून आईची हाक आली. आवाज कसा खणखणीत.

"दिपे, वाचनालयातून दुसरं आणशीन तर जाडसं आण. आता रात्रीचं पाणी भरणं नही, म्हणतात हे."