दोराचं मागचं टोक

जून संपत आला तरी बेंबळीत पावसाचा पत्ता नव्हता. तीन आठवड्यांची रजा संपवून मिनाज आरोग्य उपकेंद्रावर हजर झाली, त्याच दिवशी भर दुपारी सत्यभामा मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टर, घरला चला. ह्यांच्या बोटाला काय झालंय, कळंना."

'हे' म्हणजे महालिंगप्पा. खुब्याचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं बाजेवरच होते. त्यांचं बीपी बघायला मिनाज दर महिन्याला जायचीच. तिनं ड्रेसिंगची पिशवी घेतली, डोक्यावर ओढणी ओढली आणि मावशींच्या मागं निघाली. उन्हानं गल्ली ओस पडली होती.

खोलीच्या खिडकीला ओलं पोतं लावलेलं. आत अंधार आणि विभूतीचा, औषधाचा मिसळलेला वास. अप्पांनी उजवा हात पुढं केला. चार बोटांची टोकं काळी पडली होती, वाळल्या खारकेसारखी टणक.

मिनाजनं साखर तपासली. बरोबर होती. भाजल्याची खूण नाही, चावल्याची नाही. आणि तरीही असली बोटं तिनं पाहिली होती. महिनाही झाला नव्हता त्याला. लेहमध्ये, चढाईआधीच्या वर्गात, भिंतीवरच्या तक्त्यावर. खाली लिहिलेलं होतं, हिमदंश.

"अप्पा, हे कशानं झालं?"

"थंडीनं."

बाहेर पारा चाळिसावर होता.

"आज नऊ दिवस झाले," मावशी म्हणाल्या. "सकाळच्याला झोपले हुते. उठले तर बोटं पांढरीफटक. मग काळी पडत गेली."

मिनाजनं मनात दिवस मोजले आणि हातातला कापूस तसाच राहिला. नऊ दिवसांपूर्वी सकाळी ती बर्फात होती.

तिची ती पहिलीच चढाई. लोहाऱ्याच्या या पोरीनं वर्षभर पाठीवर बारा किलो ज्वारी बांधून टेकडी चढण्याचा सराव केला होता. लडाखमधलं सहा हजार मीटरचं शिखर होतं. एका दोराला तिघं बांधलेले. पुढं तिथला वाटाड्या स्टॅन्झिन, मध्ये मिनाज, मागं धाराशिवचे उमाशंकर सर. सरांचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, तसे ते दुसऱ्या वाटाड्याबरोबर तळावर परतले. दोरावर शेवटची मिनाज राहिली. नऊ वाजता ती माथ्यावर पोचली, हसता हसता रडली.

उतरताना ढग खाली आले. आभाळ कुठलं, जमीन कुठली, काही कळेना. सगळं दुधासारखं पांढरं. बुटाच्या खिळ्यांचा करकर आवाज, तेवढाच. खांद्यावरची उरलेल्या दोराची गुंडाळी कधी सुटली, तिला समजलं नाही. टोक मागं घसटत येत होतं. अचानक ते ताणलं गेलं.

कुठंतरी अडकलं असेल, म्हणून तिनं हिसका दिला. उलट्या बाजूनं दोन हलके हिसके आले.

विरळ हवेत डोकं खेळ करतं, हे तिला शिकवलेलं होतं. तिनं एकोणीसचा पाढा म्हणून पाहिला. बरोबर आला. दोर पुन्हा हलला.

"कोण हाय?"

पांढऱ्यातून, अगदी जवळून, धापा टाकणारा आवाज आला. बेंबळीच्या बोलीतला.

"दमानं चला, बाई... मला अजून सापडला न्हाय..."

कुणीतरी मागं राहिलंय! ती वळली, चार पावलं मागं गेलीसुद्धा. तोच पुढून स्टॅन्झिन ओरडला, "दीदी, रुको! पीछे दरार है!" त्यानं तिला बर्फातल्या भेगेच्या अलीकडंच खेचून धरलं, मग मागचा दोर ओढून घेतला. टोक रिकामं होतं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मावशी पाणी आणायला आत गेल्या. मिनाज बाजेपाशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "अप्पा, तुम्ही कुठं गेला होता?"

"पोराला बघाया."

भिंतीवर शांतलिंगचा फोटो होता, फौजेच्या वर्दीतला. सहा वर्षांपूर्वी लडाखमधल्या बर्फातल्या चौकीवर कडा कोसळला, तो गाडला गेला. सापडलाच नाही. मावशींनी फोटोला हार घालू दिला नव्हता.

"डोळा लागला की जातो म्या," अप्पा म्हणाले. "पर वाट गावत नव्हती. तुमी निघालात, मग तुमच्या मागं मागं... दोर धरून..."

"आणि?"

"तुमी दोर वढून घेतला. पर तवर जागा दिसली हुती. हातानंच उकरलं."

मिनाजच्या अंगावर काटा आला. भीती होतीच, पण त्याहून जास्त विचारावंसं वाटत होतं. कसा दिसला, काय बोलला, थंडी किती होती? तिनं त्यातलं एकही विचारलं नाही. पट्टी बांधली.

"उद्या अँब्युलन्स बोलावते, धाराशिवला जाऊ. तोवर परत जायचं न्हाय, अप्पा. मला शब्द द्या."

"त्याला तिथं एकटा कसा सोडू?" अप्पांनी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती अँब्युलन्सच्या आधीच पोचली. खोलीचं दार बंद होतं. मावशी उंबऱ्याबाहेर बसलेल्या. चेहरा इतका शांत, की मिनाजला तो ओळखू येईना.

"हळू बोला. झोपलेत दोघं."

"दोघं?"

"पहाटं आला. लई थकलाय. दार उघडू नका, बाई... त्याला ऊन सोसंना."

मिनाजनं दाराला कान लावला. आत अप्पांचा घरघरता श्वास, तिच्या ओळखीचा. आणि दुसरा एक, खोल, संथ, ओझं उतरवून झोपलेल्या माणसाचा. दाराखालून पाणी येत होतं. शहाबादी फरशीच्या सांध्यातून नितळ धार उन्हाकडं निघाली होती. तिनं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. बोटाचं टोक बधिर झालं होतं.

गल्लीच्या तोंडाशी अँब्युलन्सचा भोंगा वाजला.

"नगा, बाई..." मावशी पुटपुटल्या.

मिनाजनं कडीला हात घातला. तेवढ्यात आतला एक श्वास थांबला. उरलेला आता ना घरघरता होता, ना संथ; कुणाचा, ते तिला ओळखता आलं नाही.