शाब्ली आणि मुळेची मरळ

"हे बेलापूरचं पाणी," मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

कारण ज्यानं ते पाणी मला प्यायला दिलं होतं, तो अगदी अनोळखी होता. श्रीरामपूरहून नगरला निघालेली आमची एस.टी. राहुरीच्या अलीकडे बंद पडली होती. धुळीनं मला ठसका लागला, आणि पुढच्या बाकावरच्या या तरुणानं काही न बोलता आपला फिरकीचा तांब्या मागे सरकवला. पाणी प्यावं, आभार मानावेत, खिडकीबाहेर बघावं – एवढं साधं काम. पण माझी जीभ कधी माझं ऐकेल तर शपथ.

"बेलापूरचंच आहे," तो वळून म्हणाला. "मला तिथे गाडीत चढताना बघितलंत वाटतं?"

"नाही हो. पाणीच सांगतंय ना! नदीकाठच्या विहिरीचं आहे. पार तळाला गेलेल्या... आणि विहिरीवर कडुलिंब आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मिश्कील वगैरे नाही, अगदी शाळेतल्या मुलासारखा, तोंड उघडं टाकून. मला हसू आलं.

"आणखी एक घोट घ्या," तो हळूच म्हणाला. "आणखी काय काय कळतंय?"

"तांब्या चिंचेनं घासायला झालाय."

तो इतका मोठ्यानं हसला, की कंडक्टरनंसुद्धा वळून पाहिलं.

यात माझी काही मोठी कर्तबगारी नव्हती. माझे पपा, अब्राहाम, तीस वर्षं नगरच्या कॅम्पातल्या मेसमध्ये खानसामा होते. चहाला एका विहिरीचं पाणी, डाळ शिजायला दुसरीचं, हे त्यांनी मला पाचव्या-सहाव्या वर्षीच घोटून शिकवलं होतं. त्यातून ते त्र्याहत्तर साल. दुष्काळानं विहिरी खडकाला टेकल्या होत्या, आणि तळाचं पाणी फार बोलकं असतं.

त्याचं नाव गिदोन. राहुरीच्या कृषी विद्यापीठात तो द्राक्षांवर काम करत होता. गाडी सुरू होईपर्यंत त्यानं माझं नाव, गाव आणि पपांचा पत्ता काढून घेतला होता.

"अब्राहाम खानसामा, केडगाव – एवढं पुरेल?"

"पुरेल. पण बिनकामाचा पाहुणा आला, तर आमची मरियाआत्या त्याला ताक पाजून वाटेला लावते."

"काम आहे," तो एकदम गंभीर झाला. "एका बाटलीचं काम आहे, रेबेकाबाई. तीन महिने ज्या माणसाला शोधतोय, ते माणूस बहुतेक आज सापडलं."

शनिवारी दुपारी तो आला. बाटली लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली होती, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरलेली. हिरवी काच, वर फ्रेंच अक्षरं. पपांनी चष्मा लावून ती लांबूनच न्याहाळली.

"व्हाइट वाईन! साहेबलोक मासा घ्यायचे हिच्यासंगं. तीस वर्सं म्या ग्लासात वतली, पन एक थेंब चाखला न्हाई. मिशनची शपथ हाय आमाला."

गिदोन गेल्या वर्षी नऊ महिने फ्रान्समध्ये शिकायला होता. शाब्ली नावाच्या गावात, ओदिलबाई म्हणून एका म्हाताऱ्या मळेवालीकडे. निघताना तिनं ही एकच बाटली हातात दिली आणि म्हणाली, तुझ्या मुलखात हिला शोभेल असं जेवण सापडलं, तर उघड आणि काय जेवलास ते मला लिही. नाही सापडलं, तर सरळ परत ये. इथे मळ्यात तुझी जागा आहे, हवी तितकी वर्षं.

"मग... सापडलं?" मी विचारलं.

"मित्र म्हणतात, मटणाचा झणझणीत रस्सा कर. पण माझा हात धजत नाही. आणि आता बाईंचं पत्र आलंय. सोमवारी उत्तर टाकायचंय – येतो की राहतो." तो बाटलीकडे बघत म्हणाला, "आई गेल्यापासून इथं मला 'राहा' म्हणणारंही कुणी नाही तसं."

मला त्या न बघितलेल्या म्हातारीचा एकदम रागच आला. दोन भेटींत एवढा राग येण्याचं काही कारण नव्हतं, हे मलाही कळत होतं.

"उघडा ती," मी म्हणाले. "चाखल्याशिवाय सैपाक कसा ठरवायचा?"

पपा उठले. "म्या कोंबड्यांकडं बघून येतो," असं भिंतीला सांगून ते परसात गेले.

गिदोनला काचेचाच पेला हवा होता. रंग दिसायला हवा म्हणे. आमच्या घरात सगळी पितळ. काच फक्त आत्याच्या कपाटात – चर्चच्या प्रभुभोजनाचे इवलेसे प्याले. ते धुवायचं आणि मांडायचं काम आत्याकडे होतं, आणि त्या भोजनासाठी मनुके उकळून रस करायचं काम माझ्याकडे. आत्या चर्च झाडायला गेली होती, तेवढ्यात मी त्यातला एक प्याला गुपचूप काढला.

त्यानं ओतलं. फिकट सोनेरी, कडेला हिरवट झाक. मी आधी वास घेतला. लिंबाची साल... कच्ची कैरी... आणि पुढे काहीतरी असं, की मी प्याला पुन्हा नाकाशी नेला. घोट घेतला. आधी जिभेला झणका बसला, आंबट, थंड, धारदार. मग तो आंबटपणा विरला आणि मागे खारट, स्वच्छ असं काहीतरी उरलं. उरलं ते उरलंच. घोट संपला तरी चव संपेना. जन्मभर मी पाण्यातून जमीन ओळखत आले होते, पण जमीन अशी इतकी उघड बोलताना कधी ऐकली नव्हती.

"सांगा," तो कुजबुजला.

"हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"उन्हाळ्यात प्रवरा आटते ना... पात्रात ओले शिंपले उघडे पडतात. त्यांचा वास आहे यात. पण द्राक्षात शिंपले कुठून येणार?"

तो हसला नाही. खिशात हात घालून त्यानं एक दगड काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढुरका, चुनखडीसारखा. त्यात नखाएवढे असंख्य शिंपले घट्ट रुतून बसलेले.

"ओदिलबाईंच्या मळ्यातला," तो म्हणाला. "कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता. सगळी जमीन अशीच आहे. हे मला पुस्तक वाचून कळलं, रेबेकाबाई. नऊ महिने रोज चाखूनही मला ते जिभेवर सापडलं नव्हतं."

दोघंही त्या दगडाकडे बघत राहिलो. माझा हात त्याच्या हाताला लागलेला होता आणि तो काढून घ्यायचं कुणालाच सुचत नव्हतं. मग तो सांगत गेला... वसंतात तिथं दहिवर गोठतं, कोवळे कोंब जळतात, म्हणून गडी वेलींच्या ओळीओळींत शेगड्या पेटवून टेकड्याच्या टेकड्या उबेत ठेवतात. त्यानंही पेटवल्या होत्या. एवढं जिवापाड जपलेलं माझ्या हातातल्या त्या टीचभर प्याल्यात उतरलं होतं.

"तिथं कशाबरोबर घेतात?"

"कच्ची कालवं. लोण्यात परतलेला नदीचा मासा. शेळीच्या दुधाचं चीज. साधी उकडलेली कोंबडी."

मी ठेच्याचं बोट चाटलं आणि वरून एक थेंब घेतला. वाईन कडू झाली आणि जागच्या जागी मेली. पाणी पिऊन लोण्याचा खडा मिठाला लावून खाल्ला आणि पुन्हा एक थेंब... ती गोड झाली. खरंच गोड!

"मिरची नको, मसाला नको," मी ठरवून टाकलं. "मरळ मिळेल? ताजी?"

"मुळेच्या धरणातली. उद्या पहाटे भोयांकडून जिवंत घेऊन येतो."

"मग मीठ, लिंबू, घरचं लोणी. सोबत ज्वारीची भाकरी. चर्च सुटलं की जेवू."

त्यानं बाटलीला बूच लावलं. मी ती रांजणाखालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरली, आणि धूळ बसू नये म्हणून बुचावर तो प्याला पालथा घातला. हीच माझी चूक.

रविवारी सकाळी बादलीत मरळ वळवळत होती आणि मी गात होते. आत्या लवकरच चर्चला गेली होती. तो महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. भाकर वाटून झाली. मग आत्यानं प्याल्यांचं तबक आणलं. रस तांबूस हवा होता. तो फिकट सोनेरी होता.

पालथा प्याला दिसल्यावर आत्यानं दुसरं काय समजावं? बाटली ओल्या वाळूतली, चिकटवलेला कागद सुटून गेलेला. प्रभूचा प्याला ज्या बाटलीवर, ती प्रभूची बाटली. माझा मनुक्यांचा रस कपाटात तसाच.

उठून ओरडावं का? भर उपासनेत काय सांगणार होते मी? तबक ओळीओळीनं फिरलं. पुरुषांच्या बाजूला गिदोननं प्याला उचलला, ओठांना लावला... आणि थांबला. मग त्यानं सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याची एकुलती बाटली, त्याचं सोमवारचं उत्तर, सगळं मी वाटून टाकलं होतं.

पण त्याच वेळी चर्चमध्ये काहीतरी झालं. चाळीस माणसं एकदम गप्प झाली. आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली माणसं ती. एकानं डोळे मिटले. एका म्हातारीनं रिकामा प्याला पुन्हा ओठांना लावला. पाळकसाहेब गीताचा आकडा सांगायचा विसरले. आणि माझ्या पपांच्या, तीस वर्षं एक थेंबही न चाखलेल्या माझ्या पपांच्या गालांवरून आसवं ओघळत होती.

बाहेर पाळकसाहेबांनी मला गाठलं. "रेबेका, या खेपेला मनुके कुठले आणलेस गं?"

मी काही बोलायच्या आत पपा म्हणाले, "फ्रान्सचं हुतं, साहेब."

पाळकसाहेब पोट धरून हसले. खरं बोलूनही सुटता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मी मासा केला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. गिदोन पाटावर बसला होता. पुढ्यात रिकामी बाटली.

"चूक माझी आहे," मी ताट ठेवत म्हणाले. "आता काय लिहाल त्यांना?"

त्यानं बाटली उचलून उजेडात धरली. तेवढ्यात आत्या आली. दोन्ही हातांत एकेक भरलेला इवला प्याला, पदराचं टोक वर झाकलेलं.

"दोघं जनं कामावरनं आलीच न्हाईत, त्यांचं उरलं. प्रभूचं उरल्यालं फेकायचं न्हाई आन् शिळंबी ठिवायचं न्हाई. संपवा तुमी." ती जरा घुटमळली. "लई ग्वाड न्हवतं, पोरी. पन असलं मी जल्मात पेले न्हाई."

मरळीचा तुकडा, भाकरीचा घास आणि एक घोट. लोण्याला वाईननं हलकं केलं, लिंबानं तिला हाक मारली, आणि मुळेचा मासा, ज्वारी, तो जुना समुद्र सगळे एकमेकांना आधीपासून ओळखत असल्यासारखे एका घोटात बसले. मी गिदोनकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. मला हा माणूस हवा होता, जन्मभर, इतकं साधं होतं ते.

"जेवण सापडलं," तो म्हणाला. "पण रेबेका... मला थांबवायला जेवण पुरायचं नाही. कुणीतरी 'राहा' म्हणायला हवं."

पहिल्यांदाच त्यानं 'बाई' गाळलं होतं. परसातून पपांचं खाकरणं ऐकू आलं. माझी जीभ, जी कधीच माझं ऐकत नाही, नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. मी प्याला खाली ठेवला.

"राहा," मी म्हणाले.

पत्र सोमवारी गेलं. चाळीस माणसांनी काय चाखलं, त्यानंतर दोघांनी कशाबरोबर चाखलं, सगळं त्यानं लिहिलं. तो दगड मात्र त्यानं मला परत मागितला नाही. मी तो घासून, धुऊन रांजणाच्या तळाशी सोडला. आजही आमच्याकडे पाणी प्यायलेला पाहुणा हमखास थांबतो, तांब्यात डोकावतो आणि विचारतो, "कुठल्या विहिरीचं हो हे?"

गिदोन माझ्याकडे बघतो. सांगायचं काम तो नेहमी माझ्यावरच सोडतो.