एक दात मागे

बाबा गेले त्या दिवसापासून आईने तोंड मिटलं. जेवायची, झोपायची, पण शब्द नाही. दिवसभर खिडकीशी बसून अंगणात गुडघाभर वाढलेलं गवत बघायची. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काहीतरी कानावर पडू द्या. लेक बोलून बोलून थकली आणि शेवटी सुट्टीच्या दुपारी बाबांचं गवत कापायचं मशीन दुरुस्त करायला शेडमध्ये बसली.

इंजिन बाबांनीच खोलून ठेवलं होतं आणि ते तसंच टाकून गेले. लेकीचं निम्मं आयुष्य बसच्या डेपोत इंजिनं उघडण्यात गेलेलं. हे एवढंसं इंजिन म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. आत दोन गिअर, एक लहान, एक मोठा. दोन्हींच्या एकेका दातावर ठिपका. ठिपक्यासमोर ठिपका आला की व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, वेळेवर मिटतात. बाबांनी मात्र पूर्वी जोडताना मोठा गिअर एक दात मागे बसवला होता, आणि इंजिन लंगडत का होईना चालतंय म्हटल्यावर तेच बरोबर, असं जाहीर केलं होतं. ढुक… ढुक-ढुक. "तुमच्यासारखंच चालतंय," आई हसायची.

"बाबा, एक दात पुढे घ्या," लेक सांगायची.

"तुझ्या बसला घे," ते म्हणायचे.

तिने ठिपक्यासमोर ठिपका ठेवला, झाकण बसवलं आणि शाफ्ट हाताने फिरवून बघितला. व्हॉल्व्ह उशिरा उठत होते. झाकण काढलं तर मोठा गिअर एक दात मागे. झाकण लावताना सरकला असेल. होतं असं कधी कधी.

पुन्हा जुळवला. या वेळी दोन्ही दातांना पांढरा रंग लावला, झाकण लावलं, बोल्ट आवळले. इंजिन मशीनवर चढवून तेल भरलं आणि दोरी ओढली.

ढुक… ढुक-ढुक.

खिडकीत आईने मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

लेकीने इंजिन बंद केलं. खरं तर तिथेच थांबायचं, पण हातचं काम चुकलंय हे तिला सोसवेना. पुन्हा सगळं उतरवलं, उघडलं. पांढरे दात समोरासमोर नव्हते. मोठ्या गिअरवरचा रंग ओला होता, आणि त्यात अंगठ्याचा ठसा. तिने आपला अंगठा शेजारी धरला. तो बराच लहान होता.

शेडमध्ये कोणी नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला हसूच आलं.

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा," ती हळूच म्हणाली. "बरं, तुमचंच खरं."

तिने गिअरला हात लावला नाही. आहे तसंच झाकण लावलं, मशीन जोडून अंगणात आणलं आणि दोरी ओढली. लंगडा आवाज गवतावर पसरला.

आई दारात आली होती. चौकट धरून उभी. ओठ हलत होते.

लेक होतं ते सोडून धावली आणि तिने आईला मिठी मारली. आई रडत नव्हती. लेकीच्या खांद्यावरून अंगणाकडे बघत ती रोजच्या आवाजात म्हणाली,

"अहो, कडेची फुलं सांभाळा."

लेक रडली. आई बोलली होती, बाकी काही नको होतं.

मग तिच्या लक्षात आलं. दांड्यावरचा लिव्हर मुठीत दाबून धरला तरच ते मशीन चालतं. सोडला की जागच्या जागी बंद.

तिचे दोन्ही हात आईच्या पाठीवर होते.

मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही. आवाज कुंपणापर्यंत गेला, तिथे क्षणभर थांबला, वळला, आणि फुलांना वळसा घालून सावकाश घराकडे येऊ लागला.