आखाजीची शिवी

झुलालनानांना ती बाई पहिल्यांदा दिसली ती पाठमोरी.

साल एकोणनव्वद, आखाजीचा, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस. सुरतेच्या गाडीने अमळनेरला उतरून, एसटीने फाट्यापर्यंत येऊन नाना पत्र्याची पेटी खांद्यावर टाकून गावाकडे निघाले होते. बोरी नदीचं पात्र कोरडं ठणठणीत, वाळू अजून तापलेली... आणि दोन्ही काठांवर बायकांची ही गर्दी! गौराई बोळवून झाली की अलीकडच्या आणि पलीकडच्या गावच्या बायका समोरासमोर उभ्या राहतात आणि एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात, मातीची ढेकळं फेकतात. वर्षाची ही एक संध्याकाळ त्यांची. पुरुषाने तिकडे फिरकायचं नाही, अशी रीत. नाना शहाण्यासारखे बाभळीआड थांबले.

थांबले, आणि — तिच्याकडे बघतच राहिले.

हिरवं लुगडं, कमरेला खोचलेला पदर, पांढरे केस सुटून खांद्यावर आलेले. वय झालेलं, पण आवाज कसा खणखणीत!

"तुमना गावना कोंबडा बी दुपारले उठस व!" ती पलीकडे ओरडली आणि हसली. काय हसली! मान मागे टाकून, कमरेवर हात ठेवून, कुणाची भीडभाड नसल्यासारखी. साठीला टेकलेल्या नानांच्या काळजाचा ठोका चुकला. कोणाची बरं ही... असं मनात आलंसुद्धा. मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. या वयात!

तेवढ्यात ती ढेकूळ उचलायला वळली.

ती सुगंधाबाई होती. त्यांची बायको.

नानांची सगळी उमर सुरतेच्या गिरणीत गेली. दिवाळीला चार दिवस घरी यायचं, तेव्हा घर माणसांनी भरलेलं आणि बायको नाकापर्यंत पदर ओढून चुलीपाशी. नाना काहीही म्हणोत, तिचं उत्तर एकच — "बरं." गेल्या दिवाळीलाही ते म्हणाले होते, आखाजीला येतो आणि तुला कायमची सुरतेला नेतो, पोराने आपल्यासाठी खोली रिकामी केली आहे. तेव्हाही ती "बरं"च म्हणाली होती. आज ते तिला न्यायला आले होते. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी दोघांचा गॅलरीतला चहासुद्धा रंगवून ठेवला होता. उरलेलं आयुष्य तरी तिच्याजवळ काढावं, एवढीच त्या बिचाऱ्याची हौस.

पलीकडून बेबाबाईने आवाज टाकला. ती सुगंधाबाईंची लहानपणची मैत्रीण, कारण पलीकडचं गाव हेच सुगंधाबाईंचं माहेर. "आमनी पोर शेस तू, सुगंधा! आनि त्यासनाकडथून भांडस?"

"मनं गाव आते हाईच शे व, बेबा!"

"तुना नवरा तं तुले सुरतले ली जाई ऱ्हायना! पुढली आखाजीले कोनशी भांडशी?"

सुगंधाबाईंचा उगारलेला हात खाली आला. हातातलं ढेकूळ खाली पडलं. घराशेजारच्या सुंदरबाई जवळ आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

नानांनी तो हात पाहिला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा याच हातांनी तिला कुशीवर वळवलं असेल, पोराला ताप आला तेव्हा याच बायका उशाशी बसल्या असतील. आणि आपण मात्र सुरतेहून मनिऑर्डर धाडून समजत होतो की घर आपण चालवतो! या गावाने आपली बायको इतकी वर्षं नुसती सांभाळली नाही, तिला हसती ठेवली. कुणाकुणाचे पाय धरावेत, असं त्यांना झालं.

मग त्यांनी रीत मोडली. पेटी खांद्यावर घेऊन ते थेट नदीच्या पात्रात उतरले.

"पुढली आखाजीले बी ती आठेच भांडी! मी तिले कोठेच ली जात नई!"

दोन्ही काठांवरून ढेकळांचा असा मारा सुरू झाला म्हणून सांगू! दोन्ही गावच्या बायका त्या दिवशी प्रथमच एका बाजूने लढल्या. नाना पेटी डोक्यावर धरून पळत सुटले, आणि मागून ते हसू येत राहिलं, खणखणीत.

घरी ओसरीवर सुगंधाबाई त्यांच्या सदऱ्यावरची माती झटकत होत्या. पदर पुन्हा डोक्यावर आलेला.

"खरंच नई जानं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नई."

"मंग तुम्हले आठे करमी का?"

नानांची खरी भीती तीच होती. "माले आठे कोन वयखस? गावना पाव्हना शे मी..."

"आज दोन्ही गावन्या बठ्ठ्या बायासनी तुम्हले ढेकळं मारात," सुगंधाबाई खाली मान घालून म्हणाल्या. "पाव्हनाले कोनी ढेकळं मारस का?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले, डोळे पुसत पुसत. थोड्या वेळाने म्हणाले, "एक सांगू? बेबाले तू इतल्या शिव्या दिध्यात... माले एक बी नई?"

"चला, भलतंच! आखाजी सरनी."

"एकच."

सुगंधाबाई चहा टाकायला आत निघाल्या. उंबऱ्याशी थांबल्या. सुंदरबाईंच्या ओसरीकडे एकदा पाहून घेतलं, डोक्यावरचा पदर मागे पडू दिला आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला अरेतुरे केलं.

"येडा शेस तू... पक्का येडा!"

आणि हसल्या. तसंच, मान मागे टाकून.

"बरं," नाना म्हणाले.