एकाच क्रमांकाच्या दोन डिस्क

बाबांची रक्ततपासणीची लॅब दोन खोल्यांची. बाहेर चार खुर्च्या. आत नळ्यांचे स्टँड, स्पिरिटचा वास आणि एकोणीस वर्षांचे रिपोर्ट पोटात घेऊन बसलेला संगणक. बाबा गेल्यावर चार महिने मी आणि त्यांच्याबरोबर काम केलेले तंत्रज्ञ काका लॅब चालवत होतो. मग संगणकाची डिस्क टकटक वाजू लागली. रविवारी मी तिची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली.

चूक माझीच. सुरू होताना संगणकाला आपलं घर कुठल्या डिस्कवर आहे हे ठाऊक नसतं. त्याच्याजवळ फक्त एक लांबलचक क्रमांक असतो. जोडलेल्या डिस्कांमध्ये तो त्या क्रमांकाला हाक मारतो आणि जी आधी ओ देईल तिला घर मानतो. नक्कल करताना क्रमांकही उतरतो, आणि मी जुनी डिस्क काढायला विसरले. सोमवारचे सगळे रिपोर्ट जुनीवरच गेले.

"जुळ्यांची नावं एकच ठेवलीस होय गं?" काका हसले. "आणि म्हणे सायन्स शिकलीस!"

मी ते रिपोर्ट नवीवर आणले आणि जुनी डिस्क काढून बाबांच्या टेबलाच्या खणात ठेवली.

मंगळवारी साडेनऊला आलो तेव्हा संगणक चालूच होता. बंद करायचा राहिला असेल, असं वाटलं. संध्याकाळी पाहिलं, तर नव्या डिस्कवर त्या दिवसाचा एकही रिपोर्ट नव्हता. तेवीस पेशंट तर छापील कागद घेऊन गेले होते. मी खणातली डिस्क लॅपटॉपला जोडली. सगळे तिच्यावर होते. शेवटची सुरू झाल्याची नोंद: आज, सकाळी आठ पंचावन्न.

आठ पंचावन्नला बाबा लॅब उघडायचे.

"तार नीट काढली होतीस ना?" काकांनी विचारलं.

"काका, डिस्क खणात होती."

रिपोर्ट मात्र चोवीस होते. चोविसावा बाबांच्या नावाचा, हिमोग्लोबिन ६.१. हॉस्पिटलमधला त्यांचा शेवटचा आकडा ४.२ होता.

काकांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "सकाळी स्टँडवर एक नळी जास्तीची होती. भरलेली, लेबल नसलेली. मला वाटलं, तू ठेवलीस. टाकून दिली मी."

पुढेही रिपोर्ट खणातल्या डिस्कवरच जात राहिले, आणि त्यांत बाबांचा: बुधवारी ८.०. गुरुवारी ९.९. दोन्ही दिवशी सकाळी नळी होती. काकांनी दोन्ही टाकल्या. मशीनमध्ये एकही घातली नाही.

रोज एक पूर्णांक नऊ दशांशाने वाढ. शनिवारी आकडा तेराच्या पुढे गेला असता. नॉर्मल.

पण डिस्क मरत होती. गुरुवारी उघडायला तिने अकरा मिनिटं घेतली, आणि डायलिसिसवरच्या एका बाईंचे दोन वर्षांचे रिपोर्ट गिळले. ते नव्या डिस्कवर होते म्हणून वाचले. त्या दिवसाचे मात्र पाच जणांचे रिपोर्ट कुठेच नव्हते. शनिवारपर्यंत ती टिकली नसती, किंवा टिकली असती तर आणखी किती जणांचे रिपोर्ट गिळून.

आईचा फोन आला. "झालं का गं सगळं नवीवर?"

"होतंय," मी म्हणाले.

जुन्या डिस्कचा क्रमांक बदलला की ती हाकेला ओ देणार नव्हती; त्याला एका ओळीची आज्ञा लागते. ती लिहून मी वीस मिनिटं बसले. काका पाठ करून नळ्या धूत होते. धुतलेल्याच पुन्हा धूत होते.

मी बटण दाबलं.

शुक्रवारी आलो तेव्हा संगणक बंद होता.

मी सुरू केला. नव्या डिस्कने ओ दिली. दुपारी मोजलं: अठरा पेशंट, अठरा रिपोर्ट. बाबांचा नव्हता.

तेवढ्यात काका आतून आले. हातात लेबल नसलेली, भरलेली नळी.

"ही आजही आहे," ते म्हणाले. "नाव काय टाकू?"

मी नळी हातात घेतली. अजून कोमट होती.